कादंबरीचेही पारायण व्हावे

‘जैत रे जैत’ची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत, ज्या कादंबरीच्या मातीतून ती उगवली, तिचे वाचक मात्र विरळ होत चालले आहेत. आवडते पुस्तक पुन्हा वाचणे आणि चारचौघांना वाचून दाखवणे हा आपल्याकडचा जुना संस्कार. पूर्णेसारख्या गावांनी तो पुन्हा का जागवू नये?

‘जैत रे जैत’ हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. उषा मंगेशकर यांची निर्मिती, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोर यांची गीते, पं. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि स्मिता पाटील व डॉ. मोहन आगाशे यांचा अभिनय अशा दुर्मीळ योगातून साकारलेल्या या चित्रकृतीला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २०२७ साली या चित्रपटाची पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने गाण्यांचे कार्यक्रम होतील, आठवणींचे लेख लिहिले जातील, वाहिन्यांवर विशेष भाग दाखवले जातील. ते सारे योग्यच आहे. परंतु या सोहळ्यात एक प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. ज्या पुस्तकावर हा चित्रपट उभा राहिला, ते पुस्तक या निमित्ताने किती घरांत उघडले जाईल?

कोणत्याही सुशिक्षित मराठी कुटुंबात या चित्रपटाचा विषय काढावा. महानोरांचे नाव चटकन येते, हृदयनाथांचे येते, स्मिता पाटीलचे तर येतेच. मूळ कथा कोणाची, हे विचारल्यावर मात्र क्षणभर शांतता पसरते. जुन्या पिढीतील कोणीतरी गो. नी. दांडेकरांचे नाव घेतो. त्यांतही कादंबरी प्रत्यक्ष वाचलेली माणसे थोडी आणि ती एकाहून अधिक वेळा वाचलेली त्याहून थोडी. चित्रपटाचे यश हे पुस्तकाच्या विस्मरणाचे कारण ठरावे, ही परिस्थिती कोणत्याही वाङ्मयप्रेमी समाजाला भूषणावह नाही.

गोनीदा आणि ठाकरवाडी

गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले. संत गाडगेबाबांचा सहवास, आळंदीतील अध्ययन, नर्मदा परिक्रमा, गडकोटांची अखंड भ्रमंती हेच त्यांचे विद्यापीठ झाले. पुस्तकी पांडित्यापेक्षा पायी तुडवलेल्या वाटांवर त्यांचा विश्वास अधिक होता. पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावल्यावर त्यांच्या लेखणीतून जे साहित्य प्रकटले, त्यात कोकण आहे, मावळ आहे, वऱ्हाड आहे आणि सह्याद्रीच्या कुशीतील ठाकरवाडीही आहे. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तर १९८१ साली अकोला येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपटसृष्टीने त्यांच्या कादंबऱ्यांकडे वारंवार धाव घेतली. ‘पवनाकाठचा धोंडी’ १९६६ साली पडद्यावर आली, ‘जैत रे जैत’ १९७७ साली आणि ‘माचीवरला बुधा’ २०१७ साली. एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांवर पन्नास वर्षांच्या अवकाशात तीन वेगळ्या पिढ्यांना चित्रपट काढावासा वाटावा, यातच त्या लेखनाचा कस दिसून येतो.

‘जैत रे जैत’ची भूमी म्हणजे रायगड जिल्ह्यातील कर्नाळ्याचा परिसर. अंगठ्यासारखा उभा असलेला तो सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण याच डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. प्रवासी सुळका पाहतात, इतिहासप्रेमी किल्ला पाहतात. गोनीदांनी मात्र त्या डोंगराच्या उतारावर राहणारा ठाकर पाहिला. त्या ठाकराच्या लेखी तो केवळ दगड नव्हे; तो लिंगोबा आहे, साक्षात देव आहे.

कथा तशी साधी आहे. भगताचा मुलगा नाग्या हा ढोल वाजवणारा, मनस्वी तरुण. लिंगोबाच्या डोंगरावर आग्या मोहोळे आहेत, तेथे राणीमाशी राहते आणि पुण्यवंतालाच तिचे दर्शन घडते, ही श्रद्धा त्याच्या मनात लहानपणापासून रुजलेली. आपण पुण्यवंत व्हावे, हा त्याचा ध्यास. परंतु माश्यांच्या हल्ल्यात त्याचा एक डोळा जातो. निष्पाप आयुष्य जगूनही हे का घडले, या प्रश्नाने तो पेटून उठतो आणि लिंगोबाच्या डोंगरावरची मोहोळे उतरवण्याची प्रतिज्ञा करतो. व्यसनी नवऱ्याशी काडीमोड घेऊन आलेली चिंधी त्याच्या आयुष्यात येते, त्याच्या प्रतिज्ञेत सहभागी होते. अखेर मोहोळे उतरतात, ‘जैत’ म्हणजे विजय मिळतो. पण त्या विजयाची किंमत म्हणून चिंधीचा प्राण जातो.

दुसऱ्या वाचनात सापडणारे

चांगल्या कादंबरीची खूण कोणती? पहिल्या वाचनात ती उत्कंठा भागवते आणि दुसऱ्या वाचनात प्रश्न विचारते. ‘जैत रे जैत’ प्रथम वाचणारा तरुण वाचक नाग्या-चिंधीच्या प्रेमात गुंततो, डोंगर चढण्याच्या थराराने भारून जातो. शेवट ठाऊक झाल्यावर हीच कादंबरी पुन्हा हाती घेतली की लक्ष कथेवरून माणसाच्या अंतःकरणाकडे वळते.

नाग्याला मुळात हवे होते ते पुण्य. पुण्यवंत होऊन देवत्वाचे दर्शन घ्यावे, एवढीच त्याची इच्छा. ते दर्शन नाकारले गेले आणि वर शरीराला घाव बसला, तेव्हा त्याच इच्छेचे रूपांतर वैरात झाले. भक्ती आणि वैर यांच्यातील अंतर किती थोडे असते! आपल्या पुराणकथांनी विरोधभक्तीची कल्पना मांडली आहे. देवाचा द्वेष करणाराही अखंड देवाचेच चिंतन करीत असतो, असे ती परंपरा सांगते. गोनीदांनी हे तत्त्व कोठेही प्रवचनाच्या सुरात सांगितलेले नाही. एका निरक्षर ठाकराच्या धमन्यांतून ते वाहताना दाखवले आहे. पहिल्या वाचनात हे बहुधा निसटते. दुसऱ्या वाचनात ते मनात घर करून राहते.

चिंधीचेही तसेच आहे. विवाहित स्त्रीने नवरा सोडावा आणि दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडावा, हे वाचून काही सोवळ्या मनांना अवघडल्यासारखे होते. परंतु ठाकर समाजाच्या रीतीत काडीमोडाला स्थान आहे आणि चिंधी जे करते ते चोरून करीत नाही. पंचांसमोर, समाजाच्या साक्षीने, घेतलेल्या पैशांची परतफेड करून करते. ज्या लेखकाने ज्ञानेश्वरांच्या जीवनावर ‘मोगरा फुलला’सारखी कादंबरी लिहिली, त्याच लेखकाला चिंधीविषयी तिळमात्र तिरस्कार वाटत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या समाजजीवनाचा पट किती विशाल आहे आणि शहरी मध्यमवर्गाच्या चालीरीती म्हणजे संपूर्ण हिंदू समाज नव्हे, याची जाणीव ही व्यक्तिरेखा करून देते. ज्यांना संस्कृतीचा अभिमान आहे, त्यांनी तर ही जाणीव विशेषत्वाने बाळगली पाहिजे.

वनवासी बांधव हे हिंदू समाजाहून वेगळे आहेत, त्यांचे देव वेगळे, त्यांची संस्कृती वेगळी, असा विचार इंग्रजी राजवटीपासून मांडला गेला आणि आजही मांडला जातो. त्याला उत्तर म्हणून ग्रंथ लिहिले गेले, परिषदा झाल्या. १९५२ साली जशपूर येथे बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना करून कृतीने उत्तर दिले. गोनीदांचे उत्तर कलावंताचे आहे. लिंगोबासमोर नतमस्तक होणारा ठाकर आणि शिवालयात बेल वाहणारा पूर्णेचा शेतकरी यांच्या श्रद्धेची जात एकच आहे, हे कादंबरी वाचताना आपोआप उमगते. वाद घालावा लागत नाही.

पण याच मुद्द्यावर स्वतःलाही काही विचारले पाहिजे. चित्रपटातील ठाकरगीतांवर गेली पन्नास वर्षे शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत नृत्ये बसवली गेली. डोक्याला फडकी बांधून, चेहरे रंगवून मुलांनी टाळ्या मिळवल्या. त्यांपैकी किती मुलांना ठाकर कोठे राहतो, काय खातो, त्याच्या पोरांना शाळा आहे की नाही, हे सांगितले गेले? हिंगोली आणि किनवटच्या डोंगराळ भागात आंध, कोलाम, गोंड हे बांधव परभणीकरांच्या शेजारीच नांदतात. गाण्यातला वनवासी प्रिय आणि शेजारचा अपरिचित, ही विसंगती केवळ चित्रपट पाहून दूर होणारी नाही. कादंबरी मात्र वाचकाला त्या माणसाच्या झोपडीत नेऊन बसवते आणि मग शेजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पडद्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

येथे चित्रपटाला दोष देण्याचा हेतू नाही. उलट कादंबरीवर निघालेल्या मराठी चित्रपटांत ‘जैत रे जैत’चे स्थान फार वरचे आहे. मराठवाड्याने तर त्याचा विशेष अभिमान बाळगावा. कारण त्यातील गीते लिहिणारे महानोर हे अजिंठ्याच्या डोंगररांगांजवळील पळसखेड्याचे शेतकरी कवी. रानातल्या ओल्या मातीशी जन्माचे नाते असलेल्या कवीलाच ठाकरांच्या रानाची भाषा सुचू शकली. कादंबरीकार जे काम निसर्गवर्णनाने करतो, ते काम या चित्रपटात गाण्यांनी केले आहे. रवींद्र साठे यांच्या स्वरातील रांगडेपणा आणि ढोलाचा नाद यांनी जे वातावरण उभे केले, ते शब्दांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तथापि चित्रपटाची प्रकृतीच अशी की तो प्रेक्षकाला थांबू देत नाही. दोन-सव्वादोन तासांत त्याला डोंगर चढून उतरायचे असते. नाग्या म्हटले की आगाशेंचाच चेहरा दिसतो, चिंधी म्हटले की स्मिता पाटीलचेच डोळे आठवतात. कल्पनेला करण्यासारखे काही उरत नाही. पुस्तकात मात्र प्रत्येक वाचकाचा नाग्या वेगळा असतो. एखाद्या वाक्यापाशी थांबता येते, मागे फिरता येते, पुस्तक मिटून विचार करता येतो. ठाकरी बोलीचा एकेक शब्द जिभेवर घोळवता येतो. चित्रपट आणि कादंबरी यांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ आहे. एकाने दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी करावी, हे महत्त्वाचे. दुर्दैवाने आज ही वाट एकेरी झाली आहे. पुस्तकाकडून पडद्याकडे सारे जातात, पडद्याकडून पुस्तकाकडे परतणारे फार थोडे.

‘श्यामची आई’चे उदाहरण येथे बोलके आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या कारागृहात हे पुस्तक लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ साली पुन्हा एक चित्रपट आला. दोन चित्रपट होऊनही ते पुस्तक घरोघरी टिकून राहिले. असे का झाले असावे? एक कारण पुस्तकाच्या रचनेतच आहे. त्यातील प्रकरणांना ‘प्रकरण’ म्हटलेले नाही, ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि सारे ऐकत बसतात. पुस्तकच मुळी ऐकण्या-ऐकवण्यासाठी घडले आहे. मराठी आयांनी ते मुलांना वाचून दाखवले, शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवले. वाचून दाखवलेले पुस्तक सहसा मरत नाही.

श्रवणाची परंपरा

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. महाराष्ट्रात ग्रंथ हा एकट्याने कोपऱ्यात बसून संपवण्याचा विषय पूर्वी नव्हताच. चातुर्मासात पोथी लागे. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘भक्तिविजय’ यांचे अध्याय एकजण वाची आणि आळी ऐके. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेली माणसेही असत; परंतु कथेचा एखादा दुवा वाचकाच्या हातून सुटला, तर तीच माणसे तो सांगत. कारण ती पोथी त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेली असे. पारायण याचा अर्थच पुन्हा पुन्हा वाचणे. ‘एकदा वाचले, संपले’ ही वृत्ती या मातीतली नव्हे. ज्ञानेश्वरीचे शंभरावे पारायण करणाऱ्याला पुढे काय होणार, याची उत्सुकता नसते. या खेपेला आपल्याला नवे काय उमगणार, याची असते.

परभणी-हिंगोलीच्या परिसराला तर या परंपरेचा वारसा फार मोठा आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, नरसी ही संत नामदेवांची. जनाबाईंचे अभंग शतकानुशतके जिवंत राहिले ते जात्यावर दळणाऱ्या बायाबापड्यांच्या कंठांत. आजही मराठवाड्यातील गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह भरतात, हजारोंच्या संख्येने लोक कीर्तन ऐकतात. म्हणजे ऐकण्याची शक्ती समाजातून नाहीशी झालेली नाही. तिला ललित साहित्याची जोड मिळालेली नाही, एवढेच.

कादंबरीला पोथीचे पावित्र्य द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. पोथी ही उपासना आहे, कादंबरी ही कला आहे. परंतु पोथीवाचनाची रीत कादंबरीला लावण्यास प्रत्यवाय काय? स्वतः गोनीदांनी हे ओळखले होते. आपल्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन त्यांनी कन्या डॉ. वीणा देव आणि जामात डॉ. विजय देव यांच्यासह सुरू केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. हाती पुस्तक आणि समोर श्रोते. त्यांच्या पश्चातही देव कुटुंबाने हा उपक्रम दीर्घकाळ चालवला आणि शेकडो प्रयोग केले. वीणाताई २०२४ साली निवर्तल्या. अभिवाचनाची ती वाट आता कोणी चालायची, हा प्रश्न त्यांच्या जाण्याने सर्व वाचनप्रेमींपुढे उभा राहिला आहे.

कष्टकऱ्यांना कादंबरीत काय रस, अशी शंका काहींना येईल. त्यांनी क्यूबा या दूरच्या देशातील एक जुनी प्रथा ध्यानात घ्यावी. १८६५ साली हवाना शहरातील चिरूट कारखान्यांत कामगारांना काम करता करता ग्रंथ वाचून दाखवण्याची पद्धत सुरू झाली. उंच आसनावर बसून एकजण कादंबरी वाचे आणि तंबाखूची पाने वळणारे शेकडो हात ऐकत ऐकत चालत. वाचणाऱ्याचे वेतन मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून देत. जेथे कष्टकरी स्वतःच्या कमाईतून कथा ऐकतो, तेथे वाचन ही चैन उरत नाही, गरज होते.

पूर्णेने पुढाकार घ्यावा

आता पूर्णेकडे वळू. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते रेल्वे जंक्शन म्हणून. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तीन दिशांना येथून लोहमार्ग जातात. मीटरगेजच्या काळापासून रेल्वेने येथे नाना प्रांतांची माणसे आणली आणि वसवली. पाळीपाळीने चालणारी नोकरी, परगावाहून आलेली कुटुंबे, भोवतालचा शेतकरी वर्ग असा हा मिश्र समाज. पुण्या-मुंबईत अभिवाचनाचे प्रयोग होतात, नाट्यगृहे भरतात. ते नांदेड-परभणीपर्यंत क्वचित पोहोचतात आणि पूर्णेच्या फलाटावर तर गाडी थांबली तरी उतरत नाहीत. म्हणूनच अशा गावाने कोणाची वाट न पाहता स्वतः आरंभ केला पाहिजे.

पूर्णेकरांना गोनीदांशी जोडणारा एक गमतीदार धागाही आहे. गोनीदांची ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी प्रसिद्ध आहे. नाव ऐकून येथील वाचकाला ती आपलीच वाटावी. पण ती पूर्णा वऱ्हाडातली, तापीला मिळणारी. परभणी जिल्ह्यातून वाहणारी पूर्णा गोदावरीला मिळते. दोन नद्या, एक नाव. पूर्णेहून अकोल्याला जाणारी रेल्वे एका पूर्णेच्या खोऱ्यातून निघून दुसऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरते. त्या पूर्णेच्या लेकरांना त्यांचा कादंबरीकार लाभला. या पूर्णेच्या लेकरांना निदान वाचक तरी लाभावेत.

मराठवाड्यात वाचनाला एका संघर्षाचा इतिहास आहे, हेही विसरता येणार नाही. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. सभा-संमेलनांवर निर्बंध होते. अशा काळात मराठी वाचनालये आणि सेलूच्या नूतन विद्यालयासारख्या शाळा यांनी भाषेचा आणि राष्ट्रीय वृत्तीचा दिवा तेवत ठेवला. वाचनालयात जाऊन मराठी पुस्तक हाती घेणे हीच एक निर्धाराची कृती होती. सातोन्याच्या भूमीत जन्मलेले बी. रघुनाथ यांनी याच राजवटीत सरकारी नोकरी सांभाळून मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली ऐन चाळिशीत ते गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. ज्या भाषेत वाचण्यासाठी आधीच्या पिढ्यांनी जाच सोसला, त्या भाषेतील पुस्तके आज कोणतीही आडकाठी नसताना कपाटात धूळ खात पडावीत, हा त्या पिढ्यांचा सन्मान नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा शासन देऊ शकते, वाचक समाजालाच घडवावे लागतात.

करायचे काय? त्यासाठी मोठा निधी नको, मंच नको, उद्घाटक नको. एखाद्या घराची ओसरी, शाळेचा वर्ग, मंदिराचा सभामंडप किंवा वाचनालयाची खोली पुरे. दहा-बारा श्रोते पुरे. ‘जैत रे जैत’ ही आकाराने लहान कादंबरी आहे. रोज पाऊण-एक तास वाचल्यास आठवडाभरात ती पूर्ण होऊ शकते. सप्ताहाची सवय असलेल्या गावाला हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वाचणाऱ्याने भाग आधी एकदा मनाशी वाचून ठेवावा, कारण ठाकरी बोलीतील संवाद प्रथम वाचताना जीभ अडखळते. संवाद दोघा-तिघांनी वाटून घेतले तर ऐकणाऱ्याला पात्रे वेगळी कळतात. चिंधीचे बोल एखाद्या भगिनीने वाचावेत. वाचन संपल्यावर लगेच भाषण नको. ज्याला जे वाटले ते त्याने दोन वाक्यांत सांगावे. चित्रपट पाहायचाच तर तो शेवटच्या दिवसानंतर पाहावा, आधी नव्हे. म्हणजे मनात घडलेला नाग्या आणि पडद्यावरचा नाग्या यांची भेट प्रत्येकाला अनुभवता येईल. जाहीर स्वरूपाचा कार्यक्रम असेल तेव्हा हक्कधारकांची अनुमती घ्यावी आणि प्रत्येक उपक्रमात पुस्तकाच्या चार प्रती तरी विकत घेतल्या जाव्यात. लेखकावरील प्रेमाची ती साधी परीक्षा आहे.

१९६७ च्या कायद्यान्वये मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांचे अनुदान अपुरे आहे, कर्मचाऱ्यांचे वेतन तुटपुंजे आहे, या तक्रारी खऱ्या आहेत आणि शासनाने त्यांची दखल घेतलीच पाहिजे. मात्र सभासदांची रोडावती संख्या अनुदानाने वाढत नाही. ज्या पुस्तकाचे वाचन गावात आठ दिवस झाले, ते मागायला नवव्या दिवशी कोणीतरी वाचनालयात येईल, अशी आशा बाळगण्यास आधार आहे.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आजच्या पिढीला वेळ नाही. वस्तुतः वेळ आहे; तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी खर्च होतो. एक तास एका जागी बसून एका कथेचा धागा मनात धरून ठेवण्याची सवय मोडली आहे आणि ती सामूहिक वाचनानेच पुन्हा लागू शकते. एकट्याने व्यायाम न करणारा तरुण शाखेत किंवा आखाड्यात चारजणांबरोबर तो आनंदाने करतो, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप असा की, घरी ध्वनिमुद्रित पुस्तके उपलब्ध असताना हा खटाटोप कशाला? ध्वनिमुद्रित पुस्तक प्रवासात उपयोगी आहे, दृष्टिहीनांना तर वरदान आहे. परंतु कानात यंत्र घालून ऐकणारा पुन्हा एकटाच असतो. चिंधी गेली, त्या पानाशी वाचणाऱ्याचा आवाज कापरा होतो आणि समोर बसलेल्या दहा जणांचा श्वास थांबतो. हा अनुभव यंत्रातून मिळत नाही. समाज म्हणून एकत्र हळहळणे, एकत्र हसणे यातूनच आपलेपणा निर्माण होतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कादंबरीत व्यसन आहे, काडीमोड आहे, देवावरचा रोष आहे. असे साहित्य कुटुंबात वाचावे काय? याचे उत्तर असे की, आपल्या महाभारतात द्यूत आहे, वस्त्रहरण आहे, भ्रातृवैर आहे आणि तरीही ते पिढ्यान्पिढ्या घरात ऐकले गेले. संस्कार हा जीवनाच्या अवघड बाजू दडवून होत नसतो. वडीलधाऱ्यांच्या सान्निध्यात त्या समजून घेतल्याने होतो. मुले आज पडद्यावर एकटी बसून जे पाहतात, त्यापेक्षा आजी-आजोबांच्या शेजारी बसून चिंधीची कथा ऐकणे शतपटीने हिताचे आहे. कथा ऐकताना मुलाने प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला तेथे कोणीतरी असते.

२०२७ सालापूर्वी पूर्णेत, सेलूत, गंगाखेडात, जिंतुरात अशी आठ-आठ दिवसांची वाचने झाली तर चित्रपटाच्या सुवर्णमहोत्सवाला खरा अर्थ प्राप्त होईल. प्रत्येक गावाने ‘जैत रे जैत’च निवडावी, असाही आग्रह नाही. ज्याला जी कादंबरी मनापासून प्रिय असेल, तिने आरंभ करावा. वाचणाऱ्याचे प्रेम खरे असेल तर ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतेच. आवश्यकता आहे ती एकाने पुस्तक हाती घेऊन शेजाऱ्याला बोलावण्याची.